दहावीनंतरचं एक वर्ष

स्मरणिका समितीने 'आपल्या बॅचचा थोडा इतिहास लिही' असा निरोप पाठवला, तेव्हा मी आधी हसले. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या बाईला इतिहास कुठला जमायला! पण गेल्या दिवाळीत शाळेत गेले होते, तेव्हा कार्यालयाबाहेरचा गुणवंतांचा फलक पाहिला. १९९६ च्या रकान्यात दोन डॉक्टर आहेत, पाच इंजिनिअर आहेत, त्यात माझंही नाव आहे. आपल्याच वर्गातल्या चार मुली दहावीनंतर एएनएमला गेल्या, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा कोर्स करून नर्सबाई झाल्या. त्यांच्यातल्या एकीचंही नाव तिथे नाही. म्हणून हा लेख त्यांच्या प्रवेशाबद्दल.

चौघींपैकी एक पाच वर्षं माझ्या बाकावर बसली. "माझं नाव छापलंस तर बघ," असा तिने दम दिला आहे, तेव्हा ओळखणारे ओळखतीलच.

तुम्हाला आठवत असेल, डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पहिल्यांदा पल्स पोलिओची मोहीम झाली. आपण दहावीत होतो आणि आपली शाळाच केंद्र होती. वाड्या-वस्त्यांवरून लहान मुलं बोलावून आणायचं काम आपल्याकडे होतं. उपकेंद्राच्या नर्सबाई बर्फाचा डबा उघडून एकेका पोराच्या तोंडात दोन थेंब टाकत होत्या. सरपंच, गुरुजी, म्हातारी माणसं, सगळे त्यांचं ऐकत होते. माझ्या मैत्रिणीने त्या दिवशी ठरवलं, आपण हे व्हायचं.

निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा चारच गुण कमी होते. मी सांगलीला अकरावी सायन्सला गेले. तिच्या घरी दोन वर्षं कॉलेज आणि पुढचा खर्च परवडणारा नव्हता. एएनएमचा कोर्स दीड वर्षाचा, त्यासाठी दहावी पुरेशी होती. अडचण वेगळीच निघाली. प्रवेशाला सतरा वर्षं पूर्ण हवीत असं तिला सांगण्यात आलं आणि तिला तर नुकतंच सोळावं संपलं होतं. म्हणजे एक वर्ष घरी बसायचं.

आमच्या धंद्यात वयाची अट ही प्रोग्रॅममधली एक ओळ असते. अट पुरी झाली नाही तर फॉर्म पुढे जात नाही, झालं. तिच्या घरी त्या एका वर्षात तीन स्थळं आली. शाळा सुटलेली मुलगी घरात दिसली की पाहुणे विचारणारच. तिची आई प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढायची. कधी पत्रिका जुळत नाही, कधी मुलगा लांबचा. पुढच्या उन्हाळ्यात जाहिरात आली तेव्हा कागदांची पळापळ सुरू झाली. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. तलाठ्याकडे दोन आणि तहसीलला चार खेपा झाल्या. एसटीच्या भाड्याचे पैसे आईने अंडी विकून साठवलेल्यातले.

कागद जमले, पण आबा अडून बसले. घरातली पोर रात्रपाळी करणार, परक्या बाप्यांना हात लावणार, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी त्याच नर्सबाई घरी आल्या. म्हणाल्या, "आबा, उद्या तुमच्या नातसुनेचं बाळंतपण कुणी करायचं? बाप्या माणूस चालंल का तुम्हाला?" आबा म्हणाले, "कसं चालंल!" "मग कुणाच्या तरी लेकीनं शिकाय नको का?" आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सही मात्र झाली.

हे सगळं तिच्याकडून ऐकल्यावर मी या शिक्षणाचा इतिहास वाचू लागले आणि लक्षात आलं की आबांच्या ओसरीवरचा तो वाद शंभर वर्षं जुना आहे. पुरुष डॉक्टरला बायका तपासू देत नाहीत म्हणून बायकांवर उपचार करायला बायकाच शिकवाव्यात, या हेतूने १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी उभा राहिला. आपल्याकडे या कामाला घरंदाज बायकांपर्यंत नेलं ते रमाबाई रानड्यांनी. रमाबाई आपल्या शेजारच्या देवराष्ट्र्याच्या, कुर्लेकरांच्या घरातल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि सुरुवातीच्या काळातच त्यांनी ससून रुग्णालयात बायकांच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सोय लावली. शिकायला येणाऱ्यांत विधवा होत्या. घरातल्या आजाऱ्याचं सगळं बाईनेच करायचं, याला कुणाची हरकत नव्हती. तेच काम शिकून, पगार घेऊन, परक्यासाठी केलं की ते हलकं ठरत होतं. रमाबाईंना भांडावं लागलं ते या समजुतीशी.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार अखंड हिंदुस्थानात साधारण ७,००० नर्स होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. पूर्ण नर्स तयार करायला वेळ आणि पैसा लागणार, तोवर खेड्यांनी काय करायचं? यातून एएनएम हा मार्ग निघाला. १९५१ मध्ये पंजाबातल्या तरणतारणच्या सेंट मेरीज रुग्णालयात पहिला कोर्स सुरू झाला. तेव्हा सातवी-आठवी झालेल्या मुलींना घेत आणि शिक्षण दोन वर्षांचं होतं. १९७३ च्या करतारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करायचं सुचवलं. बाळंतपणाच्या जोडीला लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे आजार, सगळं तिच्याकडे आलं. १९७७ मध्ये अभ्यासक्रम बदलून दीड वर्षाचा झाला. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असं गणित ठरलं. आता बारावी लागते आणि कोर्स पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे.

समित्यांनी पात्रता ठरवली, मुदत ठरवली, लोकसंख्येचं प्रमाण ठरवलं. मुलगी उंबऱ्याबाहेर कशी येणार, हे मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोडलं. ते काम एका आईच्या अंड्यांच्या पैशांनी आणि एका नर्सबाईच्या दोन वाक्यांनी केलं. आपल्या बॅचच्या चौघी गेल्या हे मला ठाऊक आहे. त्या एका वर्षात लग्न होऊन गेलेल्या किती, याची यादी कुठल्याच कार्यालयात नाही. तुमच्या शेजारच्या बाकावर कोण बसत होतं ते आठवून पाहा.

१९९७ च्या पावसाळ्यात प्रवेशाची यादी लागली. तिचं नाव खालून तिसरं होतं. पांढऱ्या साडीत पहिल्यांदा गावात आली तेव्हा आबांनी तिला ओसरीवर बसवून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "रक्तदाब बघून घ्या" म्हणून हाका मारल्या, असं ती सांगते.

त्यानंतर किती वर्षं डबा खांद्याला लावून ती वस्त्यांवर फिरली, याचा हिशोब तिने ठेवलेला नाही. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मी तिला फोन केला. "अगं, तुझं अभिनंदन!" म्हटलं. ती म्हणाली, "माझं कसलं? ठेव आता, उद्या गोवरची लस आहे."

करोनाच्या काळात आपल्यातले बरेच जण गावी येऊन घरून काम करत होते. आपल्या आईवडिलांना लस कुणी टोचली, हे आठवत असेल. तेव्हा आपण तिला 'मॅडम' म्हणालो.

मेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरलं आहे, ते चांगलंच आहे. माझी एक सूचना जोडते. फलकावरच्या १९९६ च्या रकान्यात जागा कमी असेल तर खाली आणखी एक पाटी लावू आणि चौघींची नावं लिहू. रंगाऱ्याचे पैसे मी देते. त्यांनी 'नको' म्हटलं, तर समजूत घालायला त्यांच्या घरी जाऊ. आपल्या नर्सबाई तशाच गेल्या होत्या.