वळिवड्याची साक्ष

शिरवळहून महामार्गाने कोल्हापुरास जाणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनी महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभापुढे अवश्य थांबावे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४० साली कातिन व अन्यत्र सुमारे २२,००० पोलिश बंदिवानांना गोळ्या घातल्या गेल्या. भूक, थंडी व रोगराईतून वाचून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्चही होते. त्यांची भाषा वा धर्म न जाणणारे गावकरी त्यांचे शेजारी झाले. आज शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत दूरदूरचे मजूर येतात. परक्यात प्रभूला ओळखण्याची शिकवण आपण त्यांच्याबाबत पाळतो काय?