कंठातले ख्रिस्तपुराण

वर्गात आम्ही ‘ख्रिस्तपुराण’ शिकवतो ते बहुधा त्यातल्या मराठीच्या स्तुतीपुरते. परीक्षेला तेवढे पुरते! वास्तविक फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला, तो भाविकांनी ऐकावा आणि म्हणावा म्हणून. बायबलची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत आली. आणि ओवी तर जात्यावरची, अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ होणारी.

१६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तोवर ग्रंथ तीनदा छापला गेला होता. त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही.

१७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. चर्च पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले. अशा वेळी देवाचे भय आणि प्रेम जागते राहिले ते पाठ असलेल्या ओव्यांवर, असे तेथील परंपरा सांगते.

पुढे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापला, तो हस्तलिखितांवरूनच. अशा हस्तलिखितांतले पाठभेद पाहताना आम्हांस वाटते, यांतले काही नकलनवीसाच्या हातचे नसून म्हणणाऱ्याच्या तोंडचे असावेत.