पुरुषाला एचआयव्हीचा धोका किती? एका समजुतीचा इतिहास

१/ एड्सच्या पहिल्या दशकात अमेरिकेत एक समजूत रूढ झाली होती : स्त्रीकडून पुरुषाला एचआयव्हीची लागण क्वचितच होते. ही समजूत कशी तपासली गेली, त्याचा हा धागा. 🧵

२/ ती अगदीच निराधार नव्हती. नॅन्सी पॅडियन यांच्या उत्तर कॅलिफोर्नियातील जोडप्यांच्या अभ्यासात (१९९७) पुरुषाकडून स्त्रीला होणारा संसर्ग उलट दिशेच्या सुमारे ८ पट आढळला.

३/ नैरोबीतून मात्र १९८९ सालीच वेगळे चित्र समोर आले होते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी संबंधानंतर लैंगिक आजार जडलेल्या २९३ पुरुषांपैकी २४ जणांना पुढे एचआयव्हीची लागण झाली. जननेंद्रियावर व्रण असलेल्या आणि सुंता न झालेल्या पुरुषांना धोका कितीतरी अधिक होता.

४/ कारण शरीरातच आहे. शिश्नाग्रावरील त्वचेची आतली बाजू नाजूक असते आणि विषाणू ज्यांना लक्ष्य करतो अशा पेशी तिथे असतात. व्रणामुळे त्याची वाट आणखी सोपी होते.

५/ युगांडातील राकाई, २०००. एकालाच संसर्ग असलेल्या ४१५ जोडप्यांत दोन्ही दिशांचा संसर्गदर जवळपास सारखा निघाला. निर्णायक ठरला तो रक्तातील विषाणूभार.

६/ पुणे, २००४. लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या २,२९८ पुरुषांच्या अभ्यासात सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण बरीच कमी आढळली. सिफिलिस वा गोनोरिया मात्र कमी नव्हता. म्हणजे फरक केवळ वर्तनाचा नव्हता.

७/ त्यानंतर दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडातील चाचण्यांनी सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुमारे ५० ते ६० टक्के घटतो, हे दाखवले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने साथ तीव्र असलेल्या प्रदेशांसाठी तशी शिफारस केली. हे संरक्षण अपुरेच. निरोधची गरज त्याने संपत नाही.

८/ आजचा सर्वमान्य अंदाज असा : जोडीदाराला संसर्ग असताना दर १०,००० असुरक्षित संबंधांमागे प्रवेश करणाऱ्या पुरुषाला योनिमैथुनात सुमारे ४, तर गुदमैथुनात सुमारे ११ वेळा लागण. ही सरासरी आहे. व्रण किंवा वाढलेला विषाणूभार असेल तर ती लागू पडत नाही. उलट, नियमित उपचाराने विषाणूभार चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

९/ कॅलिफोर्नियाचे आकडे खोटे नव्हते. ते सर्व जगाला लागू आहेत, हे गृहीतक चुकीचे होते.