कार्यानुभवाचा तास

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी कामातून शिक्षण मांडलं; १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. आपल्याकडे तो तास बहुधा गणिताला उसना जाई! सातवीत मात्र शाळेमागची सूर्यफुलं काढताना गणितच शेतात आलं. सरांनी बियांच्या वळणदार रांगा मोजायला लावल्या: एकीकडे वळणाऱ्या ३४, दुसरीकडे ५५. पीक मूळचं अमेरिकेतलं, तेलासाठी वाढलं रशियात, हे भूगोलाच्या बाईंनी तिथेच सांगितलं. पण कापणी कधी, हे ठरवलं गणितात नापास होणाऱ्या, शेवटच्या बाकावरच्या आपल्या मैत्रिणीने. फुलाची पाठ पिवळी पडली की कापायचं. सर तिला विचारून वहीत लिहून घेत होते. दहावीनंतर ती मला दिसली नाही. संमेलनाचं निमंत्रण तिला कुणी दिलंय का?