अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे

मद्याखेरीज अन्य मादक पदार्थाच्या सेवनामुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येत नसताना ते चालवणे, हा मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 खालील गुन्हा. मद्यपी चालकाबाबत याच कलमात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क अशी नेमकी मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. चालकाची अक्षमता पुराव्याने दाखवावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनुसार एनडीपीएस अधिनियम, 1985 मधील सर्व गुंगीकारक व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ या कलमात येतात. गांजा, चरस आणि ‘एमडी’ (मेफेड्रोन) ही त्यांतली नेहमीची नावे.

थांबवणे व पाहणी : नाकाबंदीत वापरले जाणारे ब्रेथ अॅनलायझर फक्त मद्य दाखवते. यंत्रावर शून्य येऊनही चालक झोकांड्या खात असेल, बोलण्यात विसंगती असेल, डोळ्यांच्या बाहुल्या अस्वाभाविक दिसत असतील, तर त्या खुणांची व वाहन कसे चालवले जात होते याची तिथल्या तिथे झालेली नोंद पुढे महत्त्वाची ठरते. अमली पदार्थासाठी अंगझडती घ्यायची झाल्यास, ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जाण्याचा हक्क संबंधिताला सांगावा लागतो (एनडीपीएस, कलम 50). जप्ती पंचनाम्याने होते.

अटक : डोळ्यांदेखत हा गुन्हा घडल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो (कलम 202). मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावे लागते. पुण्याच्या रस्त्यांवर ही मुदत पुरेशी वाटते. वेल्हे (राजगड) तालुक्यातील पासलीसारख्या गावी तिचा अर्थ बदलतो. वेल्ह्याहून केळद व मढे घाटाकडे जाणाऱ्या या डोंगरी रस्त्यावर पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. तेथे अटक झाली, तर वळणावळणाचा प्रवास, वाटेतली कोंडी आणि डॉक्टरची उपलब्धता हे सारे त्याच दोन तासांत बसवावे लागते.

वैद्यकीय पुरावा : मोटार वाहन अधिनियमातील रक्ततपासणीची तरतूद (कलम 204) मुख्यतः श्वासात मद्य आढळलेल्या किंवा श्वासचाचणी नाकारणाऱ्या चालकासाठी आहे. इतर वेळी पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 51 खाली अटकेतील व्यक्तीची तपासणी मागू शकतात; तीत रक्ताचा नमुनाही येतो. सीलबंद नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो व तेथून रासायनिक विश्लेषकाचा (‘सी.ए.’) अहवाल येतो. गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस, नियमित सेवन करणाऱ्यांत काही आठवडेही सापडतात. त्यामुळे पदार्थ शरीरात होता एवढ्याने चालवतेवेळची अक्षमता सिद्ध होत नाही. डॉक्टरने त्या वेळी नोंदवलेली स्थिती अहवालाइतकीच मोलाची असते.

शिक्षा : पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. परवानाही निलंबित होऊ शकतो. सेवनाबद्दल एनडीपीएसच्या कलम 27 खाली वेगळा गुन्हा लागतो : कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांसाठी एक वर्षापर्यंत, इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद.

नमुन्याची विश्वासार्हता : वांद्रे येथील 2002 च्या अपघात खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2015 रोजी आरोपीला निर्दोष सोडताना रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीतील त्रुटींवर बोट ठेवले. पुण्यातील कल्याणीनगर येथे 19 मे 2024 रोजी झालेल्या अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. दोन्ही प्रकरणे मद्यासंबंधीची आहेत. परंतु नमुना कोणी घेतला, कोठे ठेवला व कोणाच्या हातून प्रयोगशाळेत पोहोचला, हे प्रश्न अमली पदार्थांच्या खटल्यातही तसेच विचारले जातात.