उत्पादन दायित्व तक्रारीतील दुरुस्ती
उत्पादन दायित्व तक्रारीतील दुरुस्ती म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दाखल केलेल्या तक्रारीत आयोगाच्या परवानगीने केलेला बदल होय. हे दायित्व ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलमे ८२ ते ८७ मध्ये असून ते २० जुलै २०२० पासून लागू आहे.

तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचा रहिवासी सिंधुदुर्गनगरी येथे वकिलाविना स्वतः बाजू मांडू शकतो.

कुकर फुटून कोणी भाजल्यास स्वतः लिहिलेल्या तक्रारीत केवळ दुकानदाराचे नाव घालणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. सदोष रचनेसाठी उत्पादक जबाबदार असतो (कलम ८४). विक्रेता मात्र मोजक्याच परिस्थितींत, उदाहरणार्थ उत्पादक अज्ञात असल्यास (कलम ८६). शिवाय फुटलेल्या कुकरचे नुकसान या 'हानी'त मोडत नाही. त्याची मागणी सदोष मालाची म्हणून वेगळी करावी लागते.

दुरुस्तीसाठी अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. त्यासाठी आयोगाकडे लेखी अर्ज केला जातो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे (कलम ६९). ती उलटल्यावर सामील केलेला उत्पादक मुदतीचा आक्षेप घेऊ शकतो आणि विलंबाचे पुरेसे कारण तक्रारदारालाच दाखवावे लागते.