बायेरिंक, मार्टिनस विलेम

(१६ मार्च १८५१ – १ जानेवारी १९३१). डच वनस्पतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मृदा-सूक्ष्मजीवशास्त्र आणि विषाणुविज्ञान या दोन्ही शाखांच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू त्यांनी प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. हवेतील नायट्रोजन स्थिर करणारा ॲझोटोबॅक्टर त्यांनी शोधला, समृद्धन संवर्धनाची पद्धत घडवली आणि तंबाखूच्या मोझॅक रोगाचे कारण जिवाणूंहून वेगळ्या प्रकारचे आहे, असे प्रतिपादन केले. लूई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या काळात सूक्ष्मजीवांचा अभ्यास मुख्यतः रोगांच्या अनुषंगाने होत होता. बायेरिंक यांनी माती, पाणी व वनस्पती यांत सूक्ष्मजीव कोणते काम करतात हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. त्यांचे बहुतेक शोध याच प्रश्नातून निघाले.

जन्म व शिक्षण : त्यांचा जन्म ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडील डेर्क बायेरिंक तंबाखूचे व्यापारी होते. व्यापार बुडाल्यावर त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. मार्टिनस यांना शालेय वयातच वनस्पतींची गोडी लागली. डेल्फ्ट येथील पॉलिटेक्निकमधून त्यांनी १८७२ मध्ये रासायनिक अभियंत्याची पदविका मिळवली. तेथे याकोबस व्हान्ट हॉफ (रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी, १९०१) हे त्यांचे सहाध्यायी होते. दोघे एकाच घरात राहत व खोलीवरही रसायनाचे प्रयोग करीत. वनस्पतींवरील गाठींविषयीच्या प्रबंधावर लायडन विद्यापीठाने त्यांना १८७७ मध्ये डॉक्टरेट दिली.

अध्यापन व गाठींचा अभ्यास : ग्रोनिंगन प्रांतातील वार्फुम येथे व नंतर उत्रेक्त येथे काही काळ शिकवल्यावर १८७६ पासून ते वाखेनिंगन येथील कृषिशाळेत अध्यापक होते. गांधीलमाशीसारखे लहान कीटक ओकच्या पानांवर व कळ्यांवर अंडी घालतात आणि तेथे गाठ वाढते. या गाठींच्या सुरुवातीच्या अवस्थांवरील त्यांचा विस्तृत प्रबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकाकडून आलेला एखादा पदार्थ झाडाच्या पेशींची वाढ वळवू शकतो, या कल्पनेने त्यांना फार पूर्वीच पकडले होते. सोळा वर्षांनंतरच्या त्यांच्या विषाणुविषयक विचारात तिची छाया आहे, असे काही अभ्यासक मानतात. रॉयल नेदर्लंड्स अकादमीने १८८४ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले.

डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात (१८८५–९५) : उद्योगपती याकोब व्हान मार्केन यांनी आपल्या यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. कारखान्याचे काम आणि स्वतःचे कुतूहल या दोन्हींना तेथे वाव होता. ब्युटिल अल्कोहॉल निर्माण करणारे किण्वन, लॅक्टिक अम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्टच्या जाती यांवर त्यांनी या काळात संशोधन केले. स्किझोसॅकरोमायसीस ऑक्टोस्पोरस या यीस्टचे वर्णन १८९४ चे. प्रकाशमान सागरी जिवाणूंसाठी फोटोबॅक्टेरियम ही प्रजाती त्यांनी १८८९ मध्ये सुचवली. त्याच वर्षी ऑक्झॅनोग्राफी ही पद्धत मांडली. तिच्यात जिवाणू मिसळलेल्या घट्ट माध्यमावर निरनिराळे पदार्थ वेगवेगळ्या जागी ठेवतात; ज्या पदार्थाभोवती वाढ दिसते तो त्या जिवाणूचे अन्न ठरतो. यीस्टांच्या वर्गीकरणात ही पद्धत दीर्घकाळ वापरली गेली.

क्लोरेला व्हल्गॅरिस हे हिरवे एकपेशी शैवल त्यांनी १८९० मध्ये शुद्ध स्वरूपात वाढवले. शुद्ध संवर्धनात वाढवलेल्या पहिल्या शैवलांपैकी हे एक होय. पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात ऑटो व्हारबुर्ख व मेल्व्हिन कॅल्व्हिन यांनी क्लोरेलाच वापरले.

मुळांवरील गाठींचे जिवाणू : वाटाणा, घेवडा, हरभरा यांसारखी पिके जमिनीचा कस वाढवतात, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. हेर्मान हेलरीगेल व हेर्मान विल्फार्ट यांनी १८८६–८८ दरम्यान दाखवून दिले की मुळांवर गाठी असलेल्या वनस्पतींनाच हवेतील नायट्रोजन मिळतो आणि गाठी येण्यासाठी मातीतील सूक्ष्मजीव लागतात. हे सूक्ष्मजीव कोणते, याचे उत्तर बायेरिंक यांनी १८८८ मध्ये दिले. गाठींचा पृष्ठभाग स्वच्छ करून आतला गर त्यांनी वनस्पतीच्या पानांचा काढा मिसळलेल्या जिलेटिनावर पसरला. नेहमीच्या मांसरसाच्या माध्यमावर न वाढणारे हे जिवाणू तेथे वाढले. त्यांना त्यांनी बॅसिलस रॅडिसिकोला असे नाव दिले. पुढील वर्षी आल्बर्ट फ्रांक यांनी रायझोबियम हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. गाठीतील फुगीर व फाटे फुटलेल्या आकाराच्या पेशी म्हणजे याच जिवाणूंचे बदललेले रूप, हेही त्यांनी ओळखले. शुद्ध जिवाणू लावून बाकल्याच्या (व्हिसिया फाबा) मुळांवर गाठी आणण्याचा प्रयोग त्यांनी १८९० मध्ये केला. मात्र वनस्पतीविना, निव्वळ संवर्धनात, हे जिवाणू नायट्रोजन स्थिर करताना त्यांना दिसले नाहीत. विशिष्ट परिस्थितीत तसे होते हे १९७५ मध्ये सिद्ध झाले.

डेल्फ्ट येथील प्राध्यापकपद व समृद्धन पद्धत : डेल्फ्ट पॉलिटेक्निकमध्ये १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले व लवकरच तेथे त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली. समृद्धन संवर्धनाची पद्धत येथे पूर्णत्वाला गेली. रशियन शास्त्रज्ञ स्यर्ग्येई विनोग्रात्स्की हेही याच सुमारास त्याच वाटेवर होते. पद्धतीचे श्रेय सामान्यतः दोघांना दिले जाते. पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. चिमूटभर मातीत हजारो प्रकारचे सूक्ष्मजीव असतात. ती माती ज्या द्रवात टाकायची, त्यात फक्त एका विशिष्ट क्षमतेच्या सूक्ष्मजीवालाच जगता येईल अशी अन्नाची, हवेची व तापमानाची योजना करायची. काही दिवसांत तोच सूक्ष्मजीव इतरांवर मात करतो. मग त्याला घट्ट माध्यमावर वेगळा काढायचा. म्हणजे संशोधक आधी परिस्थिती ठरवतो आणि त्या परिस्थितीला योग्य जीव आपोआप पुढे येतो. सूक्ष्मजीव सर्वत्र असतात, पण कोणते वाढतील ते परिसर ठरवतो, असे सूत्र पुढे लौरेन्स बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडले. त्याचा आधार बायेरिंक यांचे हेच काम होते.

सल्फेटचे अपचयन : डेल्फ्टच्या कालव्यांतील काळा चिखल व हायड्रोजन सल्फाइडचा कुजकट वास यांचे कारण त्यांनी १८९५ मध्ये शोधले. ऑक्सिजन नसताना सल्फेटचे सल्फाइडात रूपांतर करणाऱ्या जिवाणूला त्यांनी स्पिरिलम डीसल्फ्युरिकन्स असे नाव दिले. आज तो डीसल्फोव्हिब्रिओ या प्रजातीत मोडतो. माध्यमात लोहाचा क्षार घातला की काळे लोह सल्फाइड तयार होते व जिवाणूची वाढ डोळ्यांना दिसते. जमिनीखालील लोखंडी नळांच्या गंजण्याशी या गटाचा संबंध नंतर जोडला गेला.

ॲझोटोबॅक्टर : समृद्धन पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण १९०१ चे आहे. नायट्रोजनाची संयुगे जवळजवळ नसलेल्या पाण्यात सुमारे २ टक्के मॅनिटॉल व थोडे पोटॅशियम फॉस्फेट घालायचे. चंबूत या द्रवाचा अगदी पातळ थर घेऊन त्यात बागेतील माती टाकायची व तो २५ ते ३० अंश से. तापमानाला ठेवायचा. थर पातळ असल्याने हवा भरपूर मिळते आणि काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरते. तिच्यातील मोठ्या आकाराच्या जिवाणूला त्यांनी ॲझोटोबॅक्टर क्रोकॉकम असे नाव दिले. ॲझोटोबॅक्टर ॲजिलिस ही दुसरी जाती डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यात मिळाली. हवेविना नायट्रोजन स्थिर करणारा जिवाणू विनोग्रात्स्की यांनी आधीच शोधला होता. हवेत राहून हेच काम करणारा मुक्तजीवी जिवाणू मात्र येथे प्रथम हाती आला. ॲझोटोबॅक्टर हे काम एकटाच करतो की इतर जिवाणूंच्या साहाय्याने, याविषयी बायेरिंक यांची सुरुवातीची विधाने सावध आहेत.

रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर यांचा आजचा उपयोग जिवाणू खते म्हणून होतो. महाराष्ट्रात हरभरा, तूर, मूग, भुईमूग व सोयाबीन यांच्या बियाण्याला पेरणीपूर्वी रायझोबियम, तर ज्वारी, गहू, कापूस अशा पिकांना ॲझोटोबॅक्टर लावण्याची शिफारस केली जाते. संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात व बी सावलीत सुकवून पेरतात.

तंबाखूचा मोझॅक रोग : तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरवे ठिपके पाडणाऱ्या या रोगाला वाखेनिंगन येथील आडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये मोझॅक हे नाव दिले व तो रसातून पसरतो हे दाखवले. त्यांच्या सहवासात बायेरिंक यांनीही जिवाणू शोधून पाहिले, पण ते मिळाले नाहीत. दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये रोगी पानांचा रस चिनी मातीच्या गाळण्यातून गेल्यावरही संसर्गक्षम राहतो असे नोंदवले; तथापि कारण जिवाणू किंवा त्याचे विष असावे, या मताकडे त्यांचा कल होता.

डेल्फ्टच्या नव्या प्रयोगशाळेत बायेरिंक यांनी हे काम पुन्हा हाती घेतले व १८९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळलेल्या रसात एकही जिवाणू वाढला नाही, तरी तो महिनोन्‌महिने संसर्गक्षम राहिला. रसाचा एक थेंब निरोगी रोपाला टोचला की अनेक पाने रोगट होत आणि त्यांचा रस पुन्हा पुढच्या रोपांना बाधत असे; म्हणजे कारक द्रव्य रोपात वाढत होते. साधे विष असते तर ते विरळ होत जाऊन संपले असते. वाढत्या व विभाजन पावणाऱ्या ऊतींतच त्याची वाढ होते, असे त्यांना आढळले. रस अगरच्या जाड थरावर काही दिवस ठेवून त्यांनी वरचा भाग काढून टाकला, तेव्हा खालच्या भागातही संसर्ग पोचलेला होता. वाळलेल्या पानांत व अल्कोहॉलने साकळलेल्या अवक्षेपात संसर्गशक्ती टिकली; उकळल्यावर गेली. यावरून हा पदार्थ विरघळलेल्या स्वरूपात आहे व जिवंत पेशीच्या जीवद्रव्यात सामील होऊनच वाढतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी त्याला सजीव द्रवरूप संसर्गद्रव्य अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. व्हायरस हा शब्दही त्यांनी त्याच लेखनात वापरला. इव्हानोव्हस्की यांच्या गाळण-प्रयोगाचे प्राधान्य त्यांनी १८९९ मध्ये मान्य केले.

विषाणूच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, याबद्दल एकमत नाही. फ्रीड्रिख लोफलर व पाउल फ्रोश यांनीही १८९८ मध्येच जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचे कारण गाळण्यातून पार होते, असे दाखवले होते. बायेरिंक यांची द्रवरूपाची कल्पना टिकली नाही. वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये हा विषाणू स्फटिकरूपात मिळवला व नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीच्या दांड्यांच्या स्वरूपात दिसला. जिवंत पेशीबाहेर न वाढणारा वेगळ्या प्रकारचा संसर्गकारक असतो, ही मध्यवर्ती कल्पना मात्र कायम राहिली.

इतर कार्य : ॲसिटोबॅक्टर (१८९८), लॅक्टोबॅसिलस (१९०१) व थायोबॅसिलस (१९०४) या प्रजाती त्यांनी मांडल्या. यूरियाचे अपघटन, नायट्रेटचे अपचयन, वोड या वनस्पतीपासून मिळणारी नीळ व सूक्ष्मजीवांतील आनुवंशिक बदल यांवरही त्यांचे लेखन आहे.

शिष्यपरंपरा : खेरिट व्हान इटर्सन व मिथेन वापरणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करणारे निकोलास सनखेन हे त्यांचे विद्यार्थी. बायेरिंक यांच्या जागी १९२१ मध्ये आल्बर्ट यान क्लायव्हर आले. क्लायव्हर यांचे शिष्य कॉर्नेलिस व्हान नील यांनी ही परंपरा कॅलिफोर्नियात नेली. ती डेल्फ्ट संप्रदाय म्हणून ओळखली जाते.

व्यक्तिगत : ते अविवाहित होते. बहीण हेन्रीएटा यांनी त्यांच्या लेखांसाठी चित्रे काढली. विद्यार्थ्यांशी ते कठोरपणे वागत असे सांगितले जाते.

सन्मान : लेव्हेनहूक पदक (१९०५), लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व (१९२६). त्यांचे संकलित लेखन १९२१ पासून खंडशः प्रसिद्ध झाले. सहावा खंड १९४० मध्ये निघाला. बायेरिंकिया ही नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जिवाणूंची प्रजाती त्यांच्या नावावरून १९५० मध्ये ठरवण्यात आली. तिच्यातील बायेरिंकिया इंडिका ही जाती मुळात भारतातील भातखाचरांच्या मातीतून १९३९ मध्ये वर्णिलेली होती. नेदर्लंड्सच्या अकादमीतर्फे विषाणुविज्ञानासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.

निवृत्तीनंतर ते खोर्सेल येथे राहिले व तेथेच निधन पावले.